बोट बुडते ती आतून

लाकडाच्या मॉडेल बोटींचा एक ठरलेला फोटो असतो. टेबलावर बोट, शेजारी कॉफीचा मग आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या हलमध्ये चक्क समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब. (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं पोट.) फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस! मग एका रविवारी बोट खरोखर तळ्यात उतरते. पुढच्या रविवारीही उतरते. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्या चकाचक अंगावर, दोन फळ्यांच्या मधोमध, केसाएवढी रेघ दिसते. आणखी काही दिवसांनी तिथला थर पापडासारखा सुटतो आणि खालचं लाकूड काळं पडलेलं असतं.

‘इपॉक्सी डुप्लिकेट निघालं असणार’, हा त्यावरचा नेहमीचा निष्कर्ष. बॉस, इपॉक्सीचा काही दोष नाही. बाहेरून त्याचे चार कोट होते. आतून एकही नव्हता.

पाणी बाहेरून आलंच नाही. ते सुकाणूच्या नळीतून, डेकच्या झाकणाच्या फटीतून, शिडाची दोरी जिथून आत जाते त्या भोकातून थेंब थेंब आत आलं, तळाशी साचलं आणि उघड्या लाकडाने ते आरामात पिऊन टाकलं. लाकूड फुगलं. बाहेरचा कडक थर काही फुगत नाही, त्यामुळे तो तडकला. आजचा सगळा फंडा एवढाच. पुढे आहे ते त्याचं का आणि कसं.

आधी ‘का’. फळ्या जोडून केलेली जुन्या पद्धतीची होडी बरेच दिवस किनाऱ्यावर सुकत पडली आणि मग पाण्यात घातली, तर सुरुवातीला ती पाणी घेते. कोणी घाबरत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींना दाबतात, फटींत ठासलेला कापूस किंवा काथ्या आवळला जातो आणि होडी बंद होते. म्हणजे तिथे लाकडाचं फुगणं हा सीलचाच एक भाग आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली ती याच तत्त्वावर, आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला बघायला मिळते. तिला इपॉक्सी काय ते माहीतही नव्हतं.

इपॉक्सीचा हिशेब बरोब्बर उलटा आहे. इथे लाकडाने हलायचंच नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बे सिटी गावच्या गूजन बंधूंनी १९६९ मध्ये कंपनी काढून ही पद्धत बोटवाल्यांमध्ये रुजवली. लाकडाचा प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत बंद करायचा, म्हणजे त्यातला ओलावा कमी-जास्त होत नाही आणि लाकूड जागच्या जागी राहतं. यातला ‘सगळ्या बाजूंनी’ हा शब्द लोक सोयीस्करपणे विसरतात. जुनी होडी फुगली की बंद होते, इपॉक्सीची फुगली की उघडते. अर्धवट सील केलेली बोट ही अजिबात सील न केलेल्या बोटीपेक्षा वाईट, कारण आत शिरलेलं पाणी सुकून बाहेर पडायलाही तिच्यात जागा नसते.

आणि हे फक्त खेळण्यातल्या बोटींचं शास्त्र नाही बरं का! गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ आठवते? लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लासचा थर, अशीच ती ५६ फुटी शिडाची बोट. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. मुंबईहून निघून मुंबईलाच परत! दक्षिण महासागराच्या लाटा खाल्लेल्या बोटीच्या पोटातही लाकूड होतं, हे ऐकल्यावर आपल्या तळ्यातल्या बोटीला काहीच निमित्त उरत नाही.

आता सामान. दुकानात जाऊन नुसतं ‘इपॉक्सी द्या’ म्हटलंत तर हातात येतील अरल्डाइटच्या दोन ट्यूब. चिकटवायला उत्तम, कोट द्यायला कुचकामी. ते जाड असतं, ब्रशने पसरत नाही. पाच मिनिटांत सुकणारं तर विसराच, अर्धा हल होईपर्यंत ब्रशचा दगड होतो. इंजिनीअरिंगवाल्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं ‘एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१’ हे जोडपं आठवत असेल. मस्जिद बंदरच्या केमिकलवाल्यांकडे हे नंबर सांगितले की पुढचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. पण तेही तसं घट्टच. कोटिंगसाठी कमी घट्ट, म्हणजे लो-व्हिस्कॉसिटी रेझिन मागा आणि हार्डनर स्लो घ्या. रेझिन आर्टसाठी मिळणारं काचेसारखं रेझिन चालतं का? चालतं, पण त्यातली बरीच रेझिन्स सपाट ट्रेमध्ये जाड ओतण्यासाठी बनवलेली असतात. हलच्या उभ्या बाजूवरून ती मधासारखी ओघळतात.

इपॉक्सी म्हणजे रंग नव्हे, ही गोष्ट पहिल्या दिवशी डोक्यात बसली तर निम्मा त्रास वाचतो. रंग सुकतो, इपॉक्सी सुकत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. त्यामुळे ‘लवकर व्हावं म्हणून थोडं जास्त हार्डनर’ हा प्रकार इथे नाही. जास्तीचं हार्डनर लग्नाला बोलावल्यासारखं येतं, पण त्याला जोडीदारच नसतो! तो थर कायमचा मऊ, चिकट राहतो. काही उपाय नाही, खरवडून काढायचा.

म्हणून मोजमाप. एलवाय-एचवाय जोडीचं प्रमाण वजनाने साधारण १०० ला १०. दुसऱ्या कंपन्यांचं २ ला १, ३ ला १ असं काहीही असू शकतं, आणि ते वजनाने की मापाने हे डब्यावर वाचायचं. दोन्ही एकच नसतं. आता गंमत बघा, २० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम हार्डनर लागणार. किचनमधला काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. म्हणजे एका ग्रॅमची चूक झाली तर हार्डनर सरळ ५० टक्क्यांनी चुकलं! सोनाराकडे असतो तसला छोटा पॉकेट काटा घ्या. तो ०.१ ग्रॅमपर्यंत नीट मोजत असेल तर पुरे. मग मिक्सिंग: दोन-तीन मिनिटं, घड्याळ लावून, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. शंका असेल तर दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कोपऱ्यात न मिसळलेलं रेझिन हटकून लपलेलं असतं.

एकदम मोठा घाणा कालवू नका. क्रियेत उष्णता निघते. कपात एकत्र साचलेलं मिश्रण स्वतःच्याच गरमीने आणखी भराभर तापतं, आणि शंभर ग्रॅमचा कप बघता बघता धुरायला लागतो, प्लास्टिक वितळतं. पसरल्यावर हीच उष्णता हवेत निघून जाते, म्हणून कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतायचं. धूर आलाच तर कप बाल्कनीत, फरशीवर. कचऱ्याच्या डब्यात नाही!

आता कामाला लागू, आणि आतून. डेक लावायच्या आधी. डेक एकदा बसला की आत फक्त बोट जातं, डोळे जात नाहीत. (डोळे जात नाहीत तिथेच सगळे कोट राहून जातात.) आतल्या बाजूला दिसण्याचा प्रश्नच नसल्याने पॉलिश-बिलिश काही नको, पण दोन पूर्ण कोट हवेत. लाकडाच्या तंतूंची तोंडं जिथे उघडी असतात तिथे, म्हणजे आडव्या कापलेल्या कडांना, तिसरा कोटही द्या. बालसा असेल तर अशी कड स्ट्रॉसारखी पिते. पहिला कोट दहा मिनिटांत गायब होतो. घाबरू नका, परत लावा. डेकची खालची बाजू, सर्व्हो मोटर बसवायच्या पट्ट्या, सगळं यातच आलं. फक्त सांध्यांच्या कोपऱ्यांत डबकी साचू देऊ नका. ०.१ मिलिमीटर जाडीचा थर एका चौरस मीटरवर दिला तर त्याचं वजन साधारण ११० ग्रॅम होतं. एक मीटर लांब बोटीच्या बाहेरच्या अंगाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने त्याच्या एक तृतीयांश धरा, म्हणजे दर कोटला ३५-४० ग्रॅम. इंटरनॅशनल वन मीटर या रेसिंग क्लासच्या बोटीचं किमान वजन ४ किलो असतं. तिथे शंभर ग्रॅम फुकटचं डबकं म्हणजे पहिल्या वळणालाच हरलेली रेस.

भोकांचं एक वेगळं तंत्र आहे आणि ते फार कमी लोक पाळतात. सुकाणूची नळी किंवा स्क्रू जिथे येणार तिथे आधी जरूरीपेक्षा मोठं भोक पाडा. ते इपॉक्सीने ठासून भरा. घट्ट झालं की त्याच्या मधोमध हवं तेवढं भोक पाडा. आता स्क्रू लाकडाला शिवतच नाही, इपॉक्सीच्या बांगडीत बसतो. उद्या तिथून पाणी झिरपलं तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. एका संध्याकाळचं जास्तीचं काम आहे. बाहेरच्या चौथ्या कोटपेक्षा हजारपट उपयोगाचं.

आणि हो, काम संध्याकाळीच! ऑफिसवाल्यांच्या सोयीसाठी सांगत नाही. लाकडात हवा असते. सकाळी तापमान चढत असताना कोट दिला तर ती हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि कोटवर बुडबुड्यांचं पीक येतं. टाचणीने एकेक फोडत बसा मग. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, आतली हवा आकसते आणि कोटला उलट आत ओढून घेते. घाई असेल तर हेअर ड्रायरने लाकूड कोमट करा, ड्रायर बंद करा, मग कोट द्या. हा क्रम उलटा करू नका. ‘पहिला कोट थिनर घालून पातळ करा, आत मुरतो’ हा सल्ला हमखास मिळेल, मला तो पटत नाही. थिनर नंतर उडून जातो आणि थर कमजोर आणि सच्छिद्र करून जातो. पाणी अडवायला लावलेल्या थरात आपणच भोकं पाडायची, हा काय प्रकार? त्यापेक्षा रेझिनची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. ते आपोआप पातळ होतं. फक्त तेवढंच ते लवकर घट्टही होतं, म्हणून घाणा आणखी छोटा.

मुंबईकरांसाठी खास: जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असावा असं इपॉक्सीवाले सांगतात, आणि भर पावसात बाल्कनीत ठेवलेलं लाकूड त्याच्या कितीतरी वर असतं. तेव्हा सील केलंत तर पाणी बाहेर नाही, आत बंद केलंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा झकास काळ. अगदीच थांबवत नसेल तर लाकूड आठवडाभर एसीच्या खोलीत ठेवा. दमट हवेत आणखी एक भानगड होते. घट्ट झालेल्या थरावर मेणासारखा तेलकट पापुद्रा येतो. त्यावर पुढचा कोट किंवा रंग धरत नाही. बरेच जण तो सँडपेपरने घासायला जातात आणि पेपर बुजून जातो. तो पाण्यात विरघळतो हो! साधं पाणी, भांडी घासायची नवी हिरवी घासणी, स्वच्छ फडकं. घासायचं त्यानंतर.

बाहेरची बाजू सगळ्यांना आवडते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. फळ्यांमधल्या फटी इपॉक्सीत मायक्रोबलून्सची हलकी पूड कालवून केलेल्या लांबीने भरा. सुताराकडची नेहमीची लांबी नको, ती पाणी पिते. १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासा, पेपर लाकडाच्या लांब ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात आणि चकाकी आल्यावर ते चुगली करतात. नंतर २५ ते ५० ग्रॅमचं काचेचं कापड (हे वजन दर चौरस मीटरचं) हलवर कोरडंच पसरा आणि मधून कडेकडे रेझिन लावत जा. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक होतं, पांढरं दिसतंय तिथे अजून कोरडं आहे. जास्तीचं रेझिन ओढून काढायला एक्सपायर झालेलं क्रेडिट कार्ड बेस्ट. त्या कार्डाने आयुष्यात केलेलं हे कदाचित सगळ्यात बचतीचं काम.

त्यावर विणीचे खळगे भरायला दोन पातळ कोट. आधीचा कोट नख दाबल्यावर वण उठेल पण बोटाला लागणार नाही, अशा अवस्थेत असताना पुढचा दिला तर दोन्ही रासायनिकरीत्या एकजीव होतात, मध्ये घासावं लागत नाही. ती वेळ चुकली, रात्रभर थांबलात, तर पाण्याने धुवा, घासा, मग कोट. हलला हात लावायच्या आधी केसांना तेल लावलेलं नको, आणि जवळपास कार पॉलिशचा स्प्रे तर मुळीच नको. सिलिकॉनचा एक कण पडला तरी तिथे कोट माशाच्या डोळ्यासारखा गोल फाकतो. शेवटची घासाई वॉटर पेपरने, ३२० आणि मग ४००, पाण्यात बुडवून. धूळ उडत नाही आणि पेपर टिकतो.

धुळीवरून आठवलं, आणि इथे जरा सीरियसली वाचा. इपॉक्सी लावताना वास फारसा येत नाही, त्यामुळे लोक ते निरुपद्रवी समजतात आणि उघड्या हाताने काम करतात. एकदा, दोनदा, दहादा काही होत नाही. मग एक दिवस मनगटाला खाज, पुरळ, पापण्यांना सूज. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. शरीराने एकदा इपॉक्सीला शत्रू ठरवलं की बहुधा ते कायमचं, पुढे नुसत्या धुळीनेही अंगावर उठतं. छंद संपला. अर्धवट घट्ट झालेल्या थराची धूळ विशेष वाईट. तेव्हा नायट्राइलचे ग्लोव्हज (साधे लॅटेक्सचे नव्हेत), पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि २०२० पासून ड्रॉवरमध्ये पडून असलेले न वापरलेले एन-९५ मास्क. हाताला लागलंच तर साबण-पाणी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हात पुसू नका, त्याने ते पातळ होऊन कातडीत आणखी सहज शिरतं. आणि हे सगळं बेडरूममध्ये नको. घरात लहान मूल असेल तर घरातच नको, गच्चीची परवानगी काढा.

एवढं झाल्यावर बोट चमकते आणि मोह होतो की बस्स झालं. नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. अल्ट्राव्हायोलेट किरणांनी ते आधी पिवळं पडतं, मग खडूसारखं भुरभुरीत होतं. आठवडाभर पूर्ण पिकू द्या आणि त्यावर यूव्ही फिल्टर असलेलं बाहेरच्या वापराचं वार्निश किंवा रंग लावा. टू-पॅक पीयू क्लिअरचा फिनिश अप्रतिम येतो, पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट्स स्प्रे केल्यावर फुप्फुसांना घातक असतात आणि त्यांच्यापुढे आपला एन-९५ काही कामाचा नाही. तो फिनिश हवाच असेल तर स्प्रे बूथ असलेल्या गाड्यांच्या पेंटरला बोट नेऊन द्या, तो आधी हसेल, मग मन लावून करेल. रंग निवडताना काळा, नेव्ही ब्लू टाळा. मे महिन्यात उन्हात पार्क केलेल्या गाडीत गडद रंगाचा हल इतका तापतो की साधं, भट्टीत न भाजलेलं इपॉक्सी मऊ पडायला लागतं आणि खालची कापडाची वीण वर उमटते. पांढरी बोट थंड राहते.

आता शेवटची परीक्षा. तळ्यावर जायच्या आधी, रंगबिंग सगळं झाल्यावर, बोट किचनच्या काट्यावर ठेवा आणि वजन लिहून घ्या. बॅटरी आणि रेडिओ काढून ठेवा. मग पोटात मुद्दाम दोन कप पाणी ओता, झाकण लावा आणि बोट बादलीत किंवा बाथरूममधल्या टबात तासभर तरंगत ठेवा. अधूनमधून हलवा, म्हणजे पाणी कानाकोपऱ्यांत जाईल. तासाने पाणी ओतून टाका, आतून-बाहेरून फडक्याने खणखणीत पुसा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा आणि पुन्हा काट्यावर. आकडा तोच आला तर रविवारचा प्लॅन पक्का करा. पाच-दहा ग्रॅम वाढले असतील तर तेवढं पाणी लाकडाने कुठूनतरी प्यायलंय. टॉर्च घ्या, डेकचं झाकण उघडा आणि सुकाणूच्या नळीपासून शोधायला सुरुवात करा.